निपाणीच्या आक्का तपासणीला आल्या

नोकरी सुटून बरीच वर्षं झाली, पण आम्ही दवाखान्यातल्या जुन्या दोघी-तिघी भेटलो की चहा कपातच गार होतो. एकीनं "ते आठवतंय का गं?" म्हणायचा अवकाश, एकातनं दुसरं निघत जातं. औषधांची नावं मी विसरले. बाया काय बोलल्या ते मात्र शब्दाला शब्द आठवतं.

ऐंशी सालानंतरची गोष्ट. निपाणीत विडी कामगारांच्या दवाखान्यात मी नर्स होते. तिथं धारवाडच्या एक डॉक्टर बाई आल्या आणि त्यांनी गर्भाशयाच्या कॅन्सरची तपासणी सुरू केली. दुखायच्या आधीच तपासायचं, लवकर कळलं की बाई वाचते, एवढंच त्यांचं म्हणणं.

तसा बोर्ड रंगवून दारात लावला. झालं! रोज खोकल्याला, तापाला येणाऱ्या बायासुद्धा पलीकडच्या कडेनं जायला लागल्या. आमची आया तानूबाई म्हणाली, "बाई, त्या बोर्डावरचं कॅन्सर तेवढं पुसा. वाचूनच लागण व्हईल असं वाटतंय लोकास्नी!"

कॅन्सर पुसला. 'बायकांची मोफत तपासणी' एवढंच ठेवलं. दुसऱ्या दिवशी ही रांग! पहिलीच म्हातारी टेबलावर चढायला तयार होईना. म्हणाली, "चढतो की. पर डोळं तपासायला आडवं कशाला व्हायचं?"

*

डॉक्टर बाईंचं मराठी बेताचंच होतं. घाई झाली की कानडी सुरू! एकदा कागलकडची एक नवी सून आली. तिला कानडीचं अक्षर येत नव्हतं. भीतीनं दाराला धरून उभी. बाई मायेनं म्हणाल्या, "हेदरबेड, हेदरबेड!"

म्हणजे, घाबरू नकोस.

पोरीनं इकडं-तिकडं बघितलं आणि टुणकन बेडवर जाऊन झोपली! मी विचारलं, "एवढ्यात भीती गेली?" तर म्हणते, "त्याच म्हणाल्या की, हे दार, हे बेड!"

त्या दिवसापासनं बाई मराठी बायांनाही कानडीतनंच धीर द्यायला लागल्या. काम लवकर व्हायचं.

*

चिकोडीकडच्या एका गावात शिबिर होतं. ग्रामपंचायतीच्या शिपायाच्या हातात माईक दिला. पारावर सगळी वडीलधारी मंडळी बसलेली. त्याच्या तोंडातनं गर्भाशय हा शब्द काही फुटेना. "बायकांच्या... त्या... आतल्या बाजूची..." असं तीनदा झालं आणि गडी घामानं भिजला.

तानूबाईनं माईक ओढून घेतला. "अगं बायांनो, मूल जितनं येतंय तितली तपासणी हाय! फुकट हाय! दुखत न्हाय! या!"

पारावरच्या सगळ्या माना एकदम खाली! मला वाटलं, आता आपल्याला गावाबाहेर काढतात. पण बाया पदर तोंडाला लावून हसत हसत आल्या. सगळ्यांत शेवटी पारावरचेच एक आप्पा बायकोला घेऊन आले. मान वर न करता म्हणाले, "सिस्टर, ते... तानूबाई बोलल्या ते डॉक्टर कुठं बसल्यात?"

*

आता गंगाक्का. तंबाखूच्या वखारीत काम करणारी, आवाज असा की वखारीच्या या टोकाला बोलली तर त्या टोकाला ऐकू जायचं. नवरा नव्हता. दोन पोरी पदरात. वखारीतल्या बायांना तीच तपासणीला घेऊन यायची.

तपासणी आमच्याकडं फुकट होती, पण आतल्या पाण्याचा नमुना घेतलेली काचपट्टी बेळगावला लॅबमध्ये पाठवावी लागे. तो खर्च विडी कामगारांना मिळणाऱ्या मोफत उपचाराच्या कार्डात बसतो की नाही, यावर घोडं अडलं. गंगाक्का बायांना घेऊन कार्डाचं काम बघणाऱ्या साहेबांकडं गेली. मीही बरोबर होते.

साहेब म्हणाले, "कार्ड आजारी माणसासाठी आहे. तुम्हाला काय होतंय?"

"काय न्हाय."

"मग कार्डात कसं बसवू? काहीतरी व्हायला पाहिजे ना!"

"व्हय का? म्हंजे आधी कॅन्सर घिऊन यू, मग कार्ड चालंल?"

मागच्या बाया फिदीफिदी हसल्या. साहेब "तसं नव्हे हो" म्हणाले, वर फोन करून विचारलं आणि शेवटी मंजुरी दिली.

पुढच्याच आठवड्यात चांगल्या साडीतल्या एक बाई दवाखान्यात आल्या. हळूच म्हणाल्या, "ह्यांनी पाठवलंय. आमच्याकडं कार्ड नाही, चालेल का?" साहेबांच्या मंडळी!

*

आणि मग गंगाक्काचाच रिपोर्ट खराब आला.

बाईंनी तिला आत बसवून समजावलं. अगदी सुरुवात आहे, ऑपरेशननं बरं होतं, पिशवी काढावी लागेल.   बाहेर आल्यावर गंगाक्का माझा हात धरून हळूच म्हणाली, "सिस्टर, खरं सांग. पोरींची लग्नं बघतो का न्हाय मी?" मी "बघशील की" म्हणाले.

ऑपरेशनचा खर्च कार्डात बसला. साहेबांनी या वेळी "काय होतंय?" असं विचारलं नाही. मी रजा टाकून तिच्याबरोबर बेळगावला इस्पितळात राहिले. काढलेली पिशवी तपासायला गेली आणि पुन्हा वाट बघणं आलं. गंगाक्का खाटेवर भिंतीकडं तोंड करून पडून राहायची. पोरींचं नावसुद्धा काढायची नाही.

एके सकाळी तिथले सर्जन रिपोर्ट घेऊनच आले. म्हणाले, "सगळं निघालंय. कुठंही पसरलेलं नाही. आता घरी जायचं आणि जेवायचं."

गंगाक्कानं त्यांच्याकडं बघितलं, माझ्याकडं बघितलं आणि हुंदके देऊन रडली. मीही रडले. मग डोळे पुसून म्हणाली, "भूक लागलीया गं."

टाके सुकल्यावर आम्ही निपाणीच्या बसमध्ये बसलो. गाडी खचाखच भरलेली. गंगाक्काला खिडकीजवळ जागा दिली होती. गाडी सुटणार एवढ्यात खाली फलाटावर कुणाची तरी पिशवी बेवारशी दिसली. कंडक्टर दारातनं ओरडला, "पिशवी कुणाची राहिली? ओ आक्का, तुमची पिशवी राहिली का मागं?"

आणि गंगाक्का, वखारीतल्या त्याच आवाजात, सगळ्या गाडीला ऐकू जाईल अशी म्हणाली, "व्हय रं बाबा, माझी राहिलीया! राहू दे तितंच! तू घंटी मार!"