आधी कोणता पाय

मंगळवार, ९ डिसेंबर २०२५. सकाळी सात वाजून पाच मिनिटांनी लोणावळ्यातील हॉटेलच्या स्वागतकक्षात माझा आणि पत्नीचा मतभेद सुरू झाला. भिंतीवरील फलकावर त्या दिवसाच्या तीन फेऱ्या लिहिल्या होत्या. सहा वाजता वलवण धरणाच्या बाजूने धावण्याची. ती निघून गेली होती. आठ वाजता पायी, भाजे लेण्यांपर्यंत. दुपारी चार वाजता बाजारपेठेतील खाण्याची.

मी खाण्याची फेरी निवडली. तीत बसायला मिळते.

“बसून खायला मला तळेगावातही येतं,” पत्नी म्हणाली. “त्यासाठी इथवर कशाला आले?”

आम्ही चाळीस वर्षे तळेगावात राहतो. लोणावळा आमच्या लेखी पाहुण्यांना दाखवून आणण्याचे गाव. तेथे खोली घेऊन राहणार म्हटल्यावर शेजाऱ्यांनी आमची थट्टा केली. सुटीचा हट्ट पत्नीचा होता आणि त्याला कारण होते. मे महिन्यात तिच्या डाव्या गुडघ्यावर शस्त्रक्रिया झाली. उजवाही तितकाच झिजला आहे. तोही बदलायचा की नाही, हे डॉक्टरांना शुक्रवारी सांगायचे होते. तिचे उत्तर ठरल्यासारखे होते. सात महिने झाले तरी जिना चढवत नाही. मग दुसऱ्यांदा ते हाल कशासाठी? मात्र ती शिक्षिका आहे. परीक्षा घेतल्याशिवाय निकाल लावत नाही. भाज्याच्या पायऱ्या तिने मुलांच्या सहलींबरोबर अनेकदा चढल्या होत्या. त्या चढता आल्या, तर शस्त्रक्रिया. नाही आल्या, तर विषय संपला.

मला ती परीक्षा मान्य नव्हती. नापास झाली असती तर पुढची वर्षे ती खुर्चीत काढणार होती, आणि ते मला पाहावे लागणार होते.

फलकावर मार्गदर्शक बाईंचा क्रमांक होता. मी दूरध्वनी केला, पत्नीचा डावा गुडघा नवा बसवलेला आहे असे सांगितले आणि अंतर किती, वेळ किती, थांबे किती, असे विचारले.

“थांबं ठरल्यालं न्हाईत, आबा,” पलीकडून उत्तर आले. बाईंना धाप लागली होती. “मानसं बघून ठरवते.”

मी रेल्वेत छत्तीस वर्षे गाड्यांचे नियंत्रण केले. थांबे न ठरवता निघणाऱ्या कोणत्याही गोष्टीवर माझा विश्वास नाही. मी फोन ठेवला तोवर पत्नी बुटांचे बंद बांधत होती.

पावणेआठला त्या बाई धावणाऱ्यांना घेऊन हॉटेलात परतल्या. पंचेचाळिशीच्या, सडपातळ, पायांत साधे कॅनव्हासचे बूट. तिन्ही फेऱ्या त्याच नेत. धावून आलेल्यांपैकी मुंबईचे एक तरुण जोडपे पायी फेरीलाही येणार होते. त्या तरुणाने सांगितले, की धावतानाही या सर्वांत शेवटी असतात. त्याला ते विनोदी वाटले. मलाही वाटले, वाटाड्याने पुढे असावे.

लोणावळ्याहून लोकलने एक स्थानक. गाडी तीन मिनिटे उशिरा सुटली. मळवलीला उतरून द्रुतगती मार्गावरील पूल ओलांडला आणि भाजे गावाची वाट धरली. भातकापणी होऊन खाचरे मोकळी पडली होती. तरुण जोडपे सर्वांत पुढे, त्यांच्यामागे मी, मग पत्नी. बाई सर्वांच्या मागे.

“काका, शर्यत लावायची?” तरुणाने विचारले.

“त्यांच्याशी नको,” पत्नी मागून म्हणाली. “वेळापत्रक मिळाल्याशिवाय ते पळत नाहीत.”

बाई मोठ्याने हसल्या. पत्नीने मान वळवून विचारले, “तू शाळेतही मागच्याच बाकावर बसायचीस का गं?”

“व्हय, मावशी. तितनं समदा वर्ग दिसतो.”

वाटेत त्या चार वेळा थांबल्या. एकदा विहिरीवरील जुना रहाट दाखवण्यासाठी, एकदा इंद्रायणी तांदळाचा पेंढा हुंगवण्यासाठी, एकदा केवळ लोहगडाकडे बोट करण्यासाठी. चौथ्या वेळेचे कारण मला आठवत नाही. मी घड्याळ पाहत होतो. चौथ्या थांब्यानंतर माझ्या ध्यानात आले, की प्रत्येक थांबा पत्नीने कमरेवर हात ठेवण्याच्या किंचित आधी येत होता. कोणी दमले म्हणून आम्ही एकदाही थांबलो नव्हतो. प्रवाशाला न कळता गाडीचा वेग सांभाळणे ही आमच्या कामातील शेवटची विद्या. ती मला यायला वीस वर्षे लागली होती. मी घड्याळ बाहीखाली सरकवले.

पायऱ्या सुरू झाल्यावर तिच्यापुढे राहून मी सूचना देऊ लागलो. “उजवा आधी. मग डावा. उजवा आधी.” हे माझ्या मनचे नव्हते. रुग्णालयातून घरी सोडताना दिलेल्या कागदावर लिहिले होते: चढताना उजवा पाय आधी, उतरताना डावा. सात महिने घरातील तीन पायऱ्यांवर मी तो नियम पाळून घेतला होता.

निम्म्या वाटेवर पत्नी थांबली. कठड्याला धरून ती पायरीवर बसली. चेहरा पांढरा पडला होता.

“झालं,” ती म्हणाली. “शुक्रवारी सांगून टाका. नाही म्हणून.”

तरुण जोडपे वर पोचले होते. बाई मागून आल्या आणि एक पायरी खाली, तिच्या शेजारी बसल्या. आधी स्वतः पाणी प्यायल्या, मग बाटली पुढे केली.

“मावशी, दुखतंय कुटं?”

“गुडघ्यात. आणखी कुठं दुखणार?”

“कंच्या?”

पत्नीने उजव्या गुडघ्यावर हात ठेवला.

“आन् नवा?”

“तो... तो नाही दुखत.”

“मग त्याला बसवून का ठेवलंय? मगाधरनं बघते मी. समदा भार जुन्या पायावर. नवा पाय धडधाकट, आन् तुमी त्याला पाव्हन्यासारखा वागवताय.” बाई माझ्याकडे वळल्या. “आन् आबा, तुमी उजवा-उजवा कशापाई करताय?”

मी कागदाचे सांगितले. तो खिशात होता, दाखवलाही. बाईंनी तो वाचला आणि वरच्या कोपऱ्यातील तारखेवर बोट ठेवले.

“ह्यो मे महिन्यातला हाय.”

मे महिन्यात उजवा पाय चांगला आणि डावा जखमी होता, म्हणून नियम तसा होता. डिसेंबरात चांगला पाय कोणता, हे मी तपासले नव्हते. नवे परिपत्रक येईपर्यंत जुने लागू राहते. नोकरीत मी असेच शिकलो आणि घरातही तसेच वागलो. सात महिने माझी पत्नी दुखऱ्या पायाने चढत होती आणि शस्त्रक्रिया फुकट गेली असे समजत होती. चूक माझी होती. मी तसे सांगितले.

“कळलं एकदाचं,” पत्नी म्हणाली. आवाजात राग होता, पण ती उठत होती.

“आता आबा मागं,” बाई म्हणाल्या. “तोंड बंद. मावशी, डावा आधी.”

मी मागे राहिलो. मागून खरोखरच सगळे दिसते. पहिल्या पायरीवर डावा पाय ठेवताना ती कचरली. दुसरीवर कमी. आठ-दहा पायऱ्यांनंतर तिने कठडा सोडला. बाई तिच्या एक पायरी खाली राहिल्या. हात पुढे करून नव्हे, पाठीमागे बांधून. तरी तोल गेला असता तर त्या ठीक जागी होत्या. पुढे दोन थांबे झाले. दोन्ही आधीच्यांपेक्षा लहान होते.

चैत्यगृहाशी आम्ही पोचलो, तेव्हा बाईंनी उंबऱ्यापाशी बूट काढले. तशी सूचना कुठेही लावलेली नव्हती. आत जाऊन त्यांनी स्तूपासमोर हात जोडले, क्षणभर थांबल्या आणि मग आम्हांला बोलावले. लहानपणी त्या दर वैशाखी पौर्णिमेला आईबरोबर येत, एवढेच त्यांनी सांगितले. उरलेला वेळ छताच्या लाकडी कमानींबद्दल आणि आत झुकलेल्या खांबांबद्दल बोलल्या. पाठ केलेले वाक्य एकही नव्हते. ठाऊक नव्हते तिथे “मला ठाव न्हाई” असे सरळ म्हणाल्या. तेही मी दोनदा ऐकले आणि दोन्ही वेळा मला त्यांचा आदर वाटला.

पत्नी एका खांबाला टेकून उभी होती. ती त्या खांबाकडे पाहत म्हणाली, “शुक्रवारची वाट कशाला पाहायची? आजच कळवा. उजवाही करून घेऊ.”

“ठीक,” मी म्हणालो.

“उतरताना कोणता आधी?” तिने विचारले. मला नव्हे, बाईंना.

“उतरताना जुना. चढताना चांगला, उतरताना वाईट. मागल्या हिवाळ्यात माझ्या आईचंबी असंच झालतं, तवा शिकले.”

उतरायला चढण्याहून अधिक वेळ लागला. किती, ते मी पाहिले नाही. गावातील एका घरी पिठले, भात आणि ठेचा मिळाला. पत्नीने दोनदा भात घेतला. तरुण जोडप्याने पुढच्या दिवसाच्या धावफेरीचे आमंत्रण दिले. ती म्हणाली, “पुढच्या वर्षी या. दोन्ही नवे असतील.” निरोप घेताना मी बाईंना म्हणालो, की माझ्या हाताखाली असत्या तर मी त्यांना नियंत्रणकक्षात घेतले असते. मी याहून मोठी प्रशंसा कुणाची केलेली नाही. त्या म्हणाल्या, “बसून काम? नगं बाबा.” आणि चार वाजताची खाण्याची फेरी गाठण्यासाठी निघून गेल्या.

खोलीवर परतल्यावर पत्नी पाय उशीवर ठेवून झोपली. सहाला पाच मिनिटे कमी असताना मी रुग्णालयात दूरध्वनी केला. जानेवारीच्या दुसऱ्या आठवड्यातील दिवस मिळाला. तो मी वहीत लिहिला. मे महिन्यातला कागद फाडला आणि टोपलीत टाकला. तिचे मोजे धुळीने भरले होते. ते न्हाणीघरात साबणाने धुतले, पिळले आणि खिडकीच्या गजांवर वाळत घातले.