‘वाळू दे’ म्हणणारे आबा

ज्या गावात पावसाळाभर अंगावरचा टॉवेल वाळत नाही, त्या गावात एखाद्या माणसाने जन्मभर ‘वाळू दे, वाळू दे’ म्हणत बसावं, याला काय म्हणायचं? आमच्या वलवणात त्यांना सगळे वाळूदे आबाच म्हणत. जुन्या सायकली घ्यायच्या, घासायच्या, रंगवायच्या आणि विकायच्या, हा त्यांचा धंदा. त्यांची पत्र्याची शेड माझ्या चहा-भज्यांच्या टपरीला खेटून होती. मधे भिंत नव्हतीच, नुसता गोणपाटाचा पडदा. चहाला टर्पेंटाईनचा वास येतो ही माझ्या गिऱ्हाइकांची तक्रार आणि सायकलीला कांदाभज्यांचा वास येतो ही त्यांच्या. भांडण रोजचं, आणि भांडायची मीच. आबा सगळं ऐकून घ्यायचे, ब्रश डब्यात बुडवायचे आणि म्हणायचे, “शालन, तुजा राग अजून वला हाय. वाळू दे, मग बोलू.”

असा संताप यायचा! समोरचा उलट बोलला तर भांडणात काही राम असतो. या माणसाशी भांडून भांडून मीच थकायची आणि शेवटी त्यांच्यासमोर चहाचा कप आदळून मोकळी व्हायची. तो चहासुद्धा ते गरम कधी प्यायले नाहीत.

रंग लावायला त्यांना फारसा वेळ लागत नसे. सगळा जीव जायचा तो खरवडण्यात. पॉलिशपेपर घेऊन खर्र खर्र खर्र, माझ्या डोक्याचा पार भुगा. लोखंड उघडं पडेपर्यंत माणूस थांबायचा नाही. “आदीचं काढल्याबिगर नवं धरत न्हाई,” म्हणायचे. “वरवर मारलं की खालचं समदं फुगून वर येतंय.” एवढं नव्यासारखं करून ठेवायचं आणि गिऱ्हाईक आलं की स्वतःच सांगायचं, “जुनी हाय बरं का. म्या रंगवलीया.” गिऱ्हाइकाचा चेहरा पडायचा. मी एकदा वैतागून म्हटलं, “अहो आबा, सांगूनच टाकायचं असेल तर रंगवता कशाला?” तर म्हणाले, “आगं, नव्या घरी चाललीया ती. न्हाऊन जायला नगं?”

एक नियम मात्र त्यांनी कधी मोडला नाही. पावसाळा लागला की ब्रश बंद. मग दसऱ्यापर्यंत फक्त पंक्चर आणि चेन. बाजारातला एक मिठाईवाला ऐन श्रावणात सायकल घेऊन आला, त्यालाही परत पाठवलं. त्याने हट्टाने दुसरीकडून लालभडक रंगवून घेतली आणि विकली. घेणारा ती पांढरी पँट घालून साखरपुड्याला घेऊन गेला. पुढचं सांगायला नकोच. सगळं वलवण पोट धरून हसलं. आबा तेवढे हसले नाहीत. “बिचारा,” म्हणाले, आणि पंक्चर काढत बसले.

माझं आणि जावेचं घराच्या वाटणीवरून बिनसलं, तेव्हा मी पदर खोचून निघालेच होते. आज काय ते एक घाव दोन तुकडे करूनच येणार होते. आबांनी पडद्याआडून हाक मारली, “आज नगं जाऊ. वाळू दे.” मी ओरडले, “वाळायला ऊन लागतं आबा! वलवणात ऊन आहे कुठं?” पण गेले नाही, हेही खरं. त्या जावेनेच पुढे माझ्या आजारपणात महिनाभर टपरी सांभाळली. आबांना हे मी कधी बोलून दाखवलं नाही. दाखवायला हवं होतं का, कोण जाणे. ते कुठे जाणार आहेत, असंच धरून चालले होते.

मग त्यांचे हात थरथरायला लागले. ब्रशची रेघ वाकडी जायची, स्क्रू बोटांतून सटकायचा. चिंचवडची लेक दर खेपेला म्हणायची, “बाबा, आता पुरे, चला.” शेवटी त्यांनी मान हलवली. शेडमधलं सामान ज्याचं त्याला देऊन झालं. उरली त्यांची स्वतःची सायकल. लोकांच्या सायकली रंगवण्यात हयात गेली, पण स्वतःच्या सायकलीला त्यांनी कधी ब्रश लावला नव्हता. जावई शेडमध्ये उभा राहून सहज म्हणाला, “ही भंगारात देऊन टाकू.” जावई गेल्यावर आबा पडदा सारून माझ्याकडे आले. इतक्या वर्षांत पहिल्यांदा मी त्यांचे डोळे भरलेले पाहिले.

“भंगारात नगं, शालन. वितळवून टाकत्यात गं. कुनाच्या तरी पायाखाली चालती ऱ्हाऊ दे.”

पण तसली गंजकी सायकल घेणार कोण? रंगवायला तर हवी होती. लेक रविवारी न्यायला येणार आणि बाहेर श्रावणाची झड लागलेली. मी म्हटलं, “आबा, वाळेल का?” तेव्हा पहिल्यांदा ते ‘वाळू दे’ म्हणाले नाहीत. म्हणाले, “आता येळ कुटं हाय?”

मग काय, ते स्टुलावर बसले आणि मी पॉलिशपेपर हातात घेतला. दिवसभर भजी तळून कंबरेचा आधीच काटा ढिला झालेला, त्यात हे. “अजून घास, अजून,” एवढंच चालू. डब्यात उरलेला हिरवा रंग मी लावला. ओघळ आले, ब्रशचे केस चिकटले. शेगडी पेटवून लांब ठेवली, पंखा लावला. रविवारी सकाळी बोट लावलं तर रंग तसाच चिकट.

गाडी आली. लेकीने पिशव्या भरल्या. आबा निघाले आणि सायकलीपाशी थांबले. रंगवलेल्या सायकलीला हात लावला म्हणून ज्यांनी वलवणातल्या पोरांना पिढ्यान्‌पिढ्या हाकललं, त्या माणसाने दांडीवर सबंध हात ठेवला. मी ओरडले, “आबा, ओली आहे!” “व्हय की,” ते म्हणाले. हात मात्र उचलला नाही. उचलला तेव्हा दांडीवर चार बोटं स्पष्ट उमटली होती. लेक गाडीच्या सीटची काळजी करत राहिली आणि ते हिरवा हात मांडीवर उताणा ठेवून गेले. ती बोटं ब्रश फिरवून मिटवायचा माझा धीर झाला नाही.

सायकल मूळच्या आंदर मावळातल्या, पण आता कार्ल्याच्या बाजूला बंगल्यावर वॉचमन असलेल्या एकाने नेली. मी आबांसारखंच सांगितलं की जुनी आहे, रंगवलेली आहे आणि अजून ओली आहे. त्याने दांडीकडे बघून विचारलं, “हितं बोटं कुनाची?” मी म्हटलं, “ज्यांची सायकल आहे, त्यांची.”

दिवाळी झाली आणि लेकीचा फोन आला. आबा झोपेतच गेले होते. त्यांचा एक फोटोसुद्धा माझ्याकडे नाही. शेडमध्ये आता मोबाईलची कव्हरं विकतात. मला सारखी ती दांडी आठवायची. पुन्हा एकदा बघावी, बस, एवढंच मनात होतं. रस्त्याने हिरवी सायकल गेली की मी झारा हातात धरून बाहेर धावायची. ती नसायचीच.

परवा थंडीत एक निळीशार सायकल टपरीसमोर थांबली. हँडलला डब्याची पिशवी, चेनला तेल, घंटी खणखणीत. “मावशी, वळखली का?” तोच वॉचमन. लय खुशीत होता. “दसऱ्याला पार लोखंडापतुर खरवडली. तुमचा रंग लय चिकट व्हता, बाहीला लागायचा. ती बोटं बी गेली बगा. मस उन्हात ठिवली चार दिस.”

माझ्या ओठांवर शिव्या आल्या होत्या. पण त्याचं काय चुकलं होतं? कपबशी पुढे सरकवली आणि तो चहा पीत असताना बाहेर आले. जिथे आबांनी ठेवला होता, तिथे दांडीवर मी सबंध हात ठेवला. जरा वेळ तसाच राहू दिला. मग उचलून तळवा पाहिला. त्याला काही लागलं नव्हतं. रंग अगदी वाळला होता.