कोहळा आणि सरदारांची तलवार

चेन्नईतल्या गिंडीच्या व्यंकोजीरावांना आयुष्यात दोनच गोष्टींचा अभिमान: वर्कशॉपमधल्या चार लेथ मशिनी आणि पणजोबा मानाजींची तलवार. मानाजी म्हणे तंजावरच्या राजांचे सरदार. आता सरदारांचा पणतू म्हटल्यावर मिशा पिळदार हव्यात, पाठ ताठ हवी आणि हसायचं तर मुळीच नाही! नवव्या वर्षी हेडमास्तरांची हुबेहूब नक्कल केली म्हणून वडिलांनी त्यांना वेताने फोडून काढलं होतं. "सरदाराच्या रक्ताला असले चाळे शोभत नाहीत!" तेव्हा गडी जो गप्प झाला, तो पन्नाशी उलटली तरी गप्पच.

तलवार म्यानातून काढायची नाही, काढली तर रक्त मागते, असा घरचा दंडक. आणि मौज बघा, केसाएवढा फरक मायक्रोमीटरवर पकडणाऱ्या या माणसाने तलवार इतकी हलकी कशी, हे स्वतःला कधी विचारलं नाही.

२००८ च्या आयुधपूजेला, म्हणजे आपल्या खंडेनवमीला, साताऱ्याहून दिनानाथराव आले. त्यांचा शार्दूल ओरगडमला मोटारींच्या कारखान्यात इंजिनिअर. व्यंकोजींच्या अनन्याशी त्याचं जुळलेलं. घराणं बघून दिनानाथरावांनी होकार द्यायचा, एवढंच बाकी होतं. वर्कशॉपमध्ये लेथना आणि म्यानातल्या तलवारीला चंदन, कुंकू, झेंडूच्या माळा झाल्या. दृष्ट काढून रस्त्यावर आपटून फोडायला कोहळा आणला, तसे दिनानाथराव म्हणाले, "छे छे! आमच्याकडे कोहळा तलवारीनंच कापतात. सरदारांची तलवार घरात असताना आपटायचा कशाला?"

आली का पंचाईत! नाही म्हणावं तर सरदारकी जाते, आणि सोबत लेकीचं लग्नही. व्यंकोजींनी डोळे मिटले, देवीचं नाव घेतलं, तलवार उपसली आणि हाणली.

टक्! कोहळा जागच्या जागी. तलवारीचे मात्र दोन तुकडे. आत लाकूड, वर बेगड.

तेवढ्यात खुर्चीत बसलेली ऐंशी वर्षांची हेमावती आत्या खदाखदा हसू लागली.

"अय्यो व्यंकोजी! माझा आजा सरदार नव्हे रे, नाटकांत राणीचं सोंग घेत होता! ही त्या राणीची तलवार. तुझ्या अप्पाला त्याची भारी लाज. मज तोंड उघडूं दिलं नाहीं."

व्यंकोजींनी हातातला तुकडा उलटून बघितला. मग आपण कोण? इतकी वर्षं पाठ ताठ ठेवली ती कोणासाठी? त्यांना तो वेत आठवला, आणि मारताना वडिलांचा भेदरलेला चेहराही. तो राग नव्हताच मुळी, ती भीती होती! आणि एकाएकी त्यांनी खांद्यावरचं उपरणं पदरासारखं डोक्यावरून घेतलं, मान वेळावली आणि नाजूक, ठसकेदार आवाजात म्हणाले, "महाराज, तलवार दगा देऊन गेली हो! आता मुलगी तेवढी अस्सल आहे, पदरात घ्यावी!"

दिनानाथराव आधी गोरेमोरे झाले, मग असे हसले की त्यांना लेथला धरावं लागलं. "घेतली, राणीसाहेब, घेतली!"

सगळं वर्कशॉप हसत होतं. आत्याचं हसू मात्र थांबलं होतं.

"हाच आवाज," ती डोळे पुसत म्हणाली. "सत्तर वर्षांनी ऐकलें मी."

पिळदार मिशांचे व्यंकोजी डोक्यावरच्या पदरासकट तिच्या पायाशी फतकल मारून बसले. "आत्या, आणखी काय काय करत होते ते? सगळं सांग."

जेवणाला ताटं मांडली होती. पाहुणे दोन तास खोळंबले.