खिशातला हात

गेल्या वर्षी गणेश चतुर्थीच्या संध्याकाळी, आरतीच्या जरा आधी, चिंचपोकळीच्या एका चाळीच्या मंडपात आमच्या दैनिकाच्या निवृत्त आर्टिस्टने आपला उजवा हात खिशातून बाहेर काढला. त्याआधी दोन वर्षं तो हात चाळीत कुणाला दिसला नव्हता.

कचेरीत आम्ही त्यांना ओळखत होतो ते त्या हातामुळेच. नकाशे, चौकटी, मथळ्यांची अक्षरं ते पट्टी न लावता काढत. टेबलावर कुणी वाकलं की मान वर न करता म्हणत, "हात लावायचा नाही. बघायचं."

एकदा संपादक वाकले. म्हणाले, "कोकणचा किनारा जरा सरळ करता येईल का? जाहिरात बसत नाहीये."

"कोकणाला विचारतो," हे म्हणाले.

जाहिरात लहान झाली.

अशी माणसं तुमच्याही कचेरीत असतील. कामापुरतं बोलतात आणि काम संपलं की छत्री उचलून निघतात. निवृत्तीनंतर त्यांनी चाळीच्या गणपतीची सजावट अंगावर घेतली. ती काही वर्षं केली आणि एका वर्षी नाही म्हणाले. कारण सांगितलं नाही. पुढच्या वर्षीही तेच.

गेल्या वर्षी गणपतीच्या महिनाभर आधी मी भेटायला गेलो तेव्हा मंडळाच्या सेक्रेटरीने मला जिन्यातच गाठलं. "तुमच्या आर्टिस्टला सांगा, आम्ही पण माणसं आहोत. समोरून जातात, खिशात हात घालून. एक नमस्कार नाही. एवढा कसला भाव?"

वर त्यांच्या खोलीत त्यांच्या बायकोने, वहिनींनी, दार लोटून घेतलं आणि हळू आवाजात सांगितलं, "कंपवात आसा. डावऱ्या हातान जेवतत. चाळीत कोणाक कळता नये म्हणून दवाखानो सोडून खाली उतरणत नाय."

आर्टिस्ट खिडकीशी बसले होते. उजव्या हातावर वर्तमानपत्र ठेवलेलं. ते वर्तमानपत्र हलत होतं.

परळच्या ज्या दवाखान्यात ते व्यायामाला जात, तिथे त्या आठवड्यात रुग्णांना पुठ्ठ्याचे कॅलिडोस्कोप वाटले होते. सोबत एक कागद होता. रंगांशी खेळा, मन प्रसन्न होईल, स्वतःची नव्याने ओळख होईल, असं त्यावर छापलेलं.

"ओळख कशाला?" ते म्हणाले. "आधार कार्ड आहे माझ्याकडे."

तरी डाव्या हाताने त्यांनी ती नळी डोळ्याला लावली. तेवढ्यात चहा आला. डाव्या हातात कप गेला, म्हणून नळी उजव्या हातात आली. ती त्यांनी पुन्हा डोळ्याला लावली. आपण फिरवली की नळीतली काचांची नक्षी बदलते. त्यांना फिरवावी लागत नव्हती. चहावर साय धरली.

"माका बघूक द्या. जरा थांबवा ती," वहिनी म्हणाल्या.

"थांबत नाही. तू इकडे ये."

वहिनी वाकल्या. त्यांनी नळी धरायला हात पुढे केला.

"हात लावायचा नाही. बघायचं."

पुढच्या महिनाभरात मोठी नळी तयार झाली. लालबागच्या काचवाल्याने आरशाच्या तीन पट्ट्या कापून दिल्या. वहिनींनी स्वतःच्या आणि शेजारणींच्या वाढलेल्या बांगड्यांच्या काचा गोळा केल्या. एका टोकाला टॉर्च, दुसऱ्या टोकाला भिंग. मूर्तीमागच्या पांढऱ्या पडद्यावर रंग पाडायचे, एवढीच सजावट. या वर्षी सजावट करतो, हा निरोप वहिनींनी मंडळाला पोचवला. नळी फिरवायला मंडळाने रबरी पट्ट्याची छोटी मोटर आणली.

चतुर्थीला संध्याकाळी मोटर लावली. नक्षी एका चालीत गोल फिरू लागली.

"मस्त फिरतंय, काका," सेक्रेटरी म्हणाला.

"पंखाही फिरतो. बंद करा."

त्यांनी स्टूल मागितलं. कशासाठी ते सेक्रेटरीच्या लक्षात आलं नाही. वहिनींच्या आलं. त्या म्हणाल्या, "पडद्यामागे बसा. दिसूचा नाय कोणाक."

"मागून रंग फिका पडतो. पुढेच बसतो."

त्यांनी हात खिशातून काढला आणि नळी धरली. पडद्यावरचे रंग थरथरले, फुटले, जुळले, पुन्हा फुटले. आरतीला जमलेली माणसं आधी पडद्याकडे आणि मग हाताकडे बघू लागली. वहिनींनी पदर तोंडाला लावला.

"काका, तुमचा हात..." सेक्रेटरी म्हणाला.

"कंपवात. दोन वर्षं झाली. आरती सुरू करा."

आरती सुरू झाली. ती संपेपर्यंत ते बसून होते. दुसऱ्या दिवशी सेक्रेटरीने त्या प्लास्टिकच्या स्टुलावर उशी आणून ठेवली. विसर्जनापर्यंत रोज ते त्यावर बसले. नंतर खाली उतरू लागले, कोपऱ्यावरच्या दुकानातून दूध आणू लागले. पिशवी हिंदकळायची. कुणी धरायला आलं की ठरलेलं वाक्य ऐकायचं.

डिसेंबरात ते झोपेतच गेले.

या वर्षी पडद्यावर पुन्हा तीच नळी आहे. ती मोटरवर लावली आहे. नक्षी एका चालीत फिरत नाही. अडते, थरथरते, पुढे जाते. मोटर बिघडली का, असं मी सेक्रेटरीला विचारलं.

"नाही," तो म्हणाला. "पट्टा मीच सैल ठेवलाय."