स्पंजासाठी प्रस्थान

देवाची भांडी चिंचेनं घासायला घेतली खरी, पण ताम्हन उजळलं, तांब्या उजळला आणि समईपाशी तनुजाचे हात थांबले. मोरीच्या कट्ट्याला टेकून ती नुसतीच बसून राहिली.

चार वर्षं ती स्पंजावर काम करत होती. भांडी घासायचा नव्हे. रत्नागिरीच्या खडकांना चिकटून राहणारा, जिवंत, पिवळा. त्याला ना पाय ना कवच. पळता येत नाही, म्हणून बिचारा अंगातच विषं तयार करतो. त्यातलं आजवर कुणी न पाहिलेलं एखादं रसायन शोधलं तर पीएचडी. गेल्या वर्षी ते सापडलं म्हणून धायरीच्या या घरात सासूबाईंनी म्हणजे बायडाबाईंनी सत्यनारायणही घातला होता.

आणि परवा, शंका आली म्हणून, स्पंज ठेवला होता तसल्याच दुसऱ्या, कोऱ्या प्लास्टिकच्या कॅनमधलं नुसतं अल्कोहोल तिनं तपासलं. स्पंजाचा कणही नव्हता, तरी तेच रसायन निघालं. प्लास्टिक मऊ राहावं म्हणून कारखान्यात घालतात ते. वर्षभर तिनं कॅनचाच अर्क काढला होता.

तिच्या पीएचडीच्या सरांनी शांतपणे चष्मा पुसला. "अभिनंदन. बादलीत औषधी गुण असतात, हे जगाला ठाऊक नव्हतं." मग म्हणाले, "ताजा स्पंज आणा, काचेत. आपली यंत्राची पाळी पुढच्या आठवड्यात आहे. ती हुकली तर मी तुमच्या पीएचडीची मुदत वाढवून मागणार नाही."

तो स्पंज खडकाच्या पार खालच्या अंगाला. अमावास्येला, पौर्णिमेला समुद्र लांब हटतो तेव्हाच हाती लागायचा. पौर्णिमेपर्यंत थांबलं तर पाळी गेली. अमावास्या शनिवारी, म्हणजे शुक्रवारी रात्री गाडीत बसायला हवं. आणि अमावास्या लागत होती शुक्रवारी संध्याकाळीच.

"आमच्या खराडीच्या कंपनीत केमिस्ट्रीवाले घेतायत," बुटाची नाडी बांधता बांधता तिचा नवरा पृथ्वीराज म्हणाला. "एसी, शनिवार-रविवार सुट्टी. अजून किती वर्षं किडे उकळणार?"

"किडे नाहीत ते."

"बरं, बादल्या."

तो गेला. तिला रागही आला नाही. हो म्हणून टाकावं, असंच वाटलं.

"अवसेला सून उंबऱ्याभाईर पडत न्हाय आमच्यात," बायडाबाई म्हणाल्या.

"राहू दे मग, आत्याबाई. मलाही कंटाळा आलाय."

बायडाबाईंनी तिच्या पुढ्यातली समई ओढली आणि स्वतःच घासायला घेतली. "कंटाळा मला बी येतो. म्हनून देव पारोसा ठिवते व्हय?" बराच वेळ त्या घासत राहिल्या. "आज दिस चांगला हाय. प्रस्थान ठिवू. जायचं सामान आजच शेजारी गोदाबाईकडं नेऊन ठिव. म्हंजी तू आजच निघाल्याली. अवसेला नुस्तं फुडं जायाचं."

"सामान कुठलं? बरण्याच आणल्या नाहीत अजून."

"मग आन की. का त्याला बी मुहूर्त काढू?"

तनुजा गुडघ्यावर हात रेटत उठली. चिंचेचे हात धुतले, पिशवी घेतली आणि रविवार पेठेतून काचेच्या झाकणाच्या दोन बरण्या आणायला निघाली.