निवडीआधीचा सत्कार

फिनलंडला पीएच.डी.साठी माझी निवड झाल्याबद्दल गावाने माझा जाहीर सत्कार केला, आणि त्या सत्कारामुळे माझी निवड झाली नाही. खरं तर गोष्ट एवढीच आहे. पण लोक "असं कसं झालं बुवा?" म्हणून खोदून खोदून विचारतात, म्हणून सविस्तर सांगतो. हसायला माझी हरकत नाही. ऐकणारा प्रत्येकजण हसतो. मला मात्र अजून ते जमलेलं नाही.

आमचं गाव वडनेर भोलजीच्या पलीकडे, फाट्यावरून आत. घरचा धंदा भाजीपाल्याचा. बाबा वांगी आणि मिरच्या काढतात, आई त्या निवडते आणि मी अकोल्याला एम.टेक. करून आलो, म्हणजे दोन्ही कामांतून बाद झालो. माझा विषय पऱ्हाटी. कापूस वेचून झाल्यावर शेतात ज्या काड्या उरतात, त्यांच्या लगद्यापासून प्लास्टिकच्या जागी चालेल असा पातळ कागद करता येतो का, हे मी बघत होतो. (येतो. फाटतो, पण येतो!) आमच्याकडे पऱ्हाटी चुलीत घालतात. त्यामुळे गावात माझी ओळख "जाळाच्या काड्यावर सोळावी शिकलेला गजू" अशी होती. फिनलंडात मात्र झाडाच्या लगद्यावर अख्खा जन्म काढणारे प्राध्यापक आहेत, आणि ते हाताखालच्या विद्यार्थ्याला चक्क पगार देतात.

ही पगाराची गोष्ट घरात कोणाच्या गळी उतरेना.

"शिकाचे पैसे आपन द्याचे का त्याईनं?" बाबांनी विचारलं.

"तेच देतेत."

"काऊन?"

"त्याईले संशोधन करून पायजे असते ना बाबा. तिकडं पीएच.डी. म्हंजे नोकरीच असते."

बाबांनी दाभणात सुतळी ओवली. "मंग कोनीतरी फसवून राह्यलं तुले," ते म्हणाले, आणि मिरच्यांचं पोतं शिवायला लागले.

तीन वर्षं मी अर्ज करत होतो. ज्यांनी हे केलं नाही त्यांना सांगतो, यात नुसतं मार्कशीट जोडून भागत नाही. आधी त्या प्राध्यापकाचे लेख वाचायचे, मग त्यांना ई-मेल लिहायचा की तुमचे लेख वाचून माझी झोप उडाली, मग त्यांच्या विषयात आपला विषय कसा बसतो ते दोन पानांत सांगायचं, आणि मग आपल्या कॉलेजातल्या सरांकडून शिफारसपत्र घ्यायचं. (सर म्हणायचे, "तूच लिही, मी सही करतो." स्वतःचीच तारीफ लिहिताना लाज वाटते हो!) एवढं करून बहुतेक ठिकाणांहून उत्तर येत नाही. जिथून येतं तिथून अत्यंत नम्र नकार येतो. त्या नकारांची मला इतकी सवय झाली होती की पहिल्या ओळीत "आभारी आहोत" दिसलं की मी पुढचं न वाचताच लॅपटॉप बंद करायचो.

म्हणूनच फिनलंडच्या मॅडमचा ई-मेल मी दोन दिवस उघडला नव्हता. उघडला तर त्यात माझं नाव अंतिम पाचांत होतं! गुरुवारी, आपल्याकडच्या दुपारी चार वाजता, व्हिडिओवर मुलाखत. तीन वर्षांतली पहिली मुलाखत. मी धावत घरात गेलो आणि ओरडून सांगितलं. तिथं मोठेबाबा जेवायला बसले होते.

मोठेबाबा म्हणजे माझ्या बाबांचे थोरले भाऊ, गावचे माजी उपसरपंच आणि सत्काराचे कायम आयोजक. आमच्या गावाला सत्काराचं व्यसन आहे. पोलीस भरतीत लागला, सत्कार. दहावीला नव्वद टक्के, सत्कार. एकाने हप्त्यावर पोकलेन घेतलं, तर त्याचाही शाल-श्रीफळ देऊन सत्कार झाला आणि पोकलेनलाही हार घातला. या सगळ्यांच्या मागे मोठेबाबा.

"लिस्टमधी नाव आलं काय?" त्यांनी घास हातात धरून विचारलं.

"आलं, पन ते..."

"आलं ना? मंग लागला पोट्टा!"

"मोठेबाबा, मुलाखत बाकी हाये अजून. पाच जन हाये, त्यातला एक घेनार."

"मुलाखत असतेच रे. तलाठ्याच्या लिस्टमधी नाव आल्यावर कोनी थांबते काय? तवाच पेढे वाटतेत."

त्यांचं म्हणणं त्यांच्या जागी बरोबर होतं. आमच्याकडे भरतीची लिस्ट लागते म्हणजे सगळं झालेलं असतं. आधी धावणं होतं, लेखी होते, मग लिस्ट. फिनलंडात आधी लिस्ट लागते आणि मग परीक्षा होते, ही गोष्ट त्यांना त्या देशाच्या मागासलेपणाची खूण वाटली. त्यांनी हात धुतला आणि थेट नांदुऱ्याला फ्लेक्सवाल्याकडे गेले.

दुसऱ्या दिवशी फ्लेक्स आला. त्यावर मी सूट घालून उभा होतो. मान माझी, सूट कोणाचा तरी. नावाआधी "डॉ." लागलेलंच होतं. खाली "शुभेच्छुक" म्हणून अठरा लोकांचे फोटो होते, त्यातले मोठेबाबा माझ्याएवढे. आणि माझ्या डोक्यामागे, ढगांत गेलेला, पॅरिसचा तो लोखंडी टॉवर!

"मोठेबाबा, हा तर फ्रान्सचा हाये!"

"मीनं सांगतलं होतं त्याले फिनलंड म्हून. तो म्हने, फॉरेन म्हनलं का आमी हाच टाकतो. लोकाईले समजाले पायजे ना."

सत्काराची तारीख कोणती? गुरुवार! तालुक्याचे भाऊसाहेब नावाचे एक पुढारी शेजारच्या गावात लग्नाला येणार होते, त्यामुळे एका फेरीत दोन कार्यक्रम उरकणार होते. मी हातापाया पडलो. म्हटलं, त्याच दिवशी माझी मुलाखत आहे, माझं सगळं त्याच्यावर आहे. आई म्हणाली, "भाऊजी, पोराचं आयकून तर घ्या." पण मोठेबाबांचा हिशेब पक्का होता.

"सत्कार अकराले हाये. मुलाखत चारले. चारपर्यंत तं लोकं जेवून झोपतेत बे!"

मला नाही म्हणता आलं असतं का? तुम्हीच सांगा. अख्ख्या गावाच्या तोंडात पेढा गेला होता. ज्याच्या नावाचा मंडप, त्यानेच "मी अजून लागलो नाही" असं माईकवर सांगायचं?

गुरुवारी अकरा वाजता शाळेच्या मैदानात गाव जमलं. सुरुवातीला मी खुर्चीत ताठ बसलो होतो. बारा वाजता भाऊसाहेब "निघाले". एक वाजता ते "फाट्यावर" होते. दोन वाजता कळलं की ते फाट्यावर होते ते दुसऱ्याच फाट्यावर. तोवर वेळ काढायला मोठेबाबांनी गावातल्या प्रत्येक जाणत्या माणसाला दोन शब्द बोलायला लावले, आणि आमच्याकडे दोन शब्द म्हणजे अर्धा तास. एका गुरुजींनी माझ्या बालपणाबद्दल सांगितलं. माझं बालपण त्यांनी पाहिलेलं नव्हतं. ते नंतर बदलून आले होते.

साडेतीनला भाऊसाहेब आले. पावणेचारला माझ्या खांद्यावर शाल पडली. मी खुर्चीतून उठलो तशी मोठेबाबांनी माझी बाही धरली.

"कुठी चालला बे उत्सवमूर्ती? भाऊसाहेबाईचं भाषन बाकी हाये!"

"मुलाखत!"

"दोन मिनिटं!"

मी बाही सोडवून पळालो, शालीसकट. गावात नेटवर्क धड मिळतं ते फक्त शाळेत, म्हणून लॅपटॉप सकाळीच तिथल्या एका वर्गात मांडून ठेवला होता. धापा टाकत बसलो, चार वाजले, आणि पडद्यावर मॅडम आल्या. पांढरे केस, शांत चेहरा, शेजारी एक तरुण सहकारी. मी नमस्कार केला आणि वीज गेली.

लॅपटॉप बॅटरीवर चालत होता, पण वर्गात अंधार झाला. मॅडम इंग्रजीत म्हणाल्या, "आम्हाला तुमचा चेहरा दिसत नाही." मी लॅपटॉप उचलून बाहेर व्हरांड्यात आलो आणि उजेडात बसलो. लाइट गेली तरी लाऊडस्पीकर जनरेटरवर सुरूच होता! आणि माझ्या पाठीमागे काय होतं, हे बघायचं मला सुचलं नाही.

तरीही पहिली दहा मिनिटं सोन्यासारखी गेली. पऱ्हाटीतले तंतू किती लांब, लगदा कसा केला, कागद कुठे फाटतो, का फाटतो, सगळं मी सांगितलं. तरुण सहकारी मान हलवत लिहून घेत होता. मॅडमनी विचारलं, "इतकी वर्षं तुम्ही याच विषयाला धरून राहिलात, ते का?" मी म्हणालो, "आमच्या शेतात हे दरवर्षी जळताना बघतो, म्हणून." त्या हसल्या. आयुष्यात पहिल्यांदा कोणीतरी माझ्या काड्यांकडे चुलीचा विचार न करता बघत होतं. मला वाटलं, झालं. आपलं झालं.

तेवढ्यात भाषण संपलं.

"अरे, हा इथं बसला हो भाऊसाहेब!" मोठेबाबांचा आवाज आला, आणि मागोमाग भाऊसाहेब, हार, फोटोग्राफर आणि पन्नास-एक माणसं व्हरांड्यात चढली. मी हाताने "जा, जा" करत होतो. त्यांना वाटलं, मी "या, या" करतोय.

"कोन हाये हे? मॅडम का?" मोठेबाबांनी पडद्यात डोकं घातलं. "नमस्कार मॅडम! आमी याचे मोठेबाबा!"

मॅडम गोंधळल्या. "काही समारंभ आहे का?"

आता इंग्रजी म्हटल्यावर भाऊसाहेब मागे राहतील? त्यांनी माझ्या गळ्यात हार घातला आणि स्वतः पुढे झाले. "येस मॅडम! अवर बॉय सिलेक्शन! पीएच.डी.! फॉरेन! होल व्हिलेज व्हेरी प्राऊड!"

"निवड झाली? आधीच?" मॅडमनी विचारलं.

"येस! फुल सिलेक्शन!" आणि त्यांनी माझ्या पाठीमागे बोट दाखवलं.

मी वळून बघितलं. मागे मी होतो, सूट घालून, आणि माझ्या डोक्यावर टॉवर.

"ओह, पॅरिस!" मॅडमचा चेहरा उजळला. खरंच उजळला हो! अशी मनापासून आनंदी झालेली बाई मी पाहिली नाही.

"येस, येस!" भाऊसाहेब म्हणाले. समोरचा इंग्रजीत काही बोलला की ते "येस"च म्हणतात, हे मला आता माहीत आहे.

"नो मॅडम, नो!" मी ओरडलो. त्याच क्षणी डफडेवाल्यांना कोणीतरी इशारा केला. पुढचं मला ऐकू आलं नाही, त्यांनाही आलं नसणार. मी तोंड उघडून हात हलवत होतो, मागे पन्नास माणसं हात हलवत होती, तिकडून मॅडम आणि तो तरुणही हात हलवत होते. मग नेटवर्क गेलं. मोठेबाबा माझ्या पाठीवर थाप मारून म्हणाले, "कशी गोड बाई हाये! पायलं ना, काही कठीन नोतं."

दुसऱ्या दिवशी ई-मेल आला. पॅरिसला निवड झाल्याबद्दल आमचं हार्दिक अभिनंदन. तुमच्यासारखा उमेदवार आम्हाला आवडला असता, पण तुमच्या गावाचा आनंद पाहून आम्हालाही आनंद झाला. आम्ही पुढच्या उमेदवाराला बोलावत आहोत.

मी लगेच उलट ई-मेल लिहिला. माझी पॅरिसला निवड झालेली नाही. कुठेच झालेली नाही. तो सत्कार तुमच्याच जागेसाठी होता. दोन दिवसांनी उत्तर आलं. मॅडमनी लिहिलं होतं की त्यांनी माझा खुलासा तीनदा वाचला, सहकाऱ्यांनाही वाचून दाखवला, पण निवड होण्याच्या आधी तिचा सत्कार कसा होतो हे त्यांच्या विभागात कोणालाच समजलं नाही. जागा मात्र भरली गेली होती.

बाबांना मी सगळं सांगितलं. ते हळूच म्हणाले, "ते खरंच पगार देनार होते ना रे?" मी "हाव" म्हणालो. तेव्हा मला मोठेबाबांचा जो राग आला, तो अजून उतरलेला नाही. भरलं ताट होतं, आणि माझ्याच माणसांनी नाचत-गात ते पालथं केलं.

मोठेबाबांना पश्चात्ताप झाला का? झाला. "फ्लेक्स काढाले लावू काय?" त्यांनी विचारलं. मग स्वतःच म्हणाले, "नोको. गावाची इज्जत जाईन. तूच दिसू नोको काही दिवस." रोज कोणी ना कोणी "कधी चालला बे?" विचारायचं, आणि "व्हिसा, व्हिसा" म्हणून तरी किती दिवस काढणार? शेवटी मी अकोल्याला खोली घेतली. सध्या एका क्लासमध्ये तासावर शिकवतो आणि उरलेल्या वेळात अर्ज करतो. आई फोनवर आधी "जेवला काय" विचारते आणि मग हळू आवाजात, "तिकडून काही आलं काय?"

परवा, भर मे महिन्यात, भर दुपारी, अकोल्याच्या बसस्टँडवर डोक्याला ओला रुमाल बांधून मी उसाचा रस पीत होतो. अंगातून घामाच्या धारा. मागून पाठीवर थाप पडली. आमच्या गल्लीतले रामकृष्णभाऊ!

"गजू! अरे बापा, कधी आला बे फॉरेनहून?"

माझ्या तोंडून निघून गेलं, "आत्ताच."

"कसं हाये तिकडं? लय थंडी असन ना?"

"लय, भाऊ," मी रुमाल पिळत म्हणालो. "आता आपल्या इकडचं ऊन सोसतच नाई मले."