सात नंबरची मर्मर

वर्गातली सगळी पोरं तिला वहिनी म्हणत. ती त्यांच्यापैकी कुणाच्याच भावाची बायको नव्हती. पण लग्न, बाळंतपण आणि मुलीची बालवाडी उरकून ती वैद्यकीय महाविद्यालयात परतली, तोवर तिच्या बरोबरचे डॉक्टर होऊन पांगले होते, आणि नव्यांना तिला एकेरी हाक मारायचा धीर होईना. शेवटच्या वर्षाच्या प्रात्यक्षिकात ती तीनदा नापास झाली होती. चौथी संधी नियमाप्रमाणे शेवटची. ती हुकली की वहिनी ही तिची एकमेव पदवी उरणार होती.

गाडी प्रत्येक वेळी एकाच ठिकाणी अडली होती. हृदयाची झडप नीट मिटत नसली की ठोक्यांच्या मधे फुंकर मारल्यासारखा आवाज येतो; त्याला मर्मर म्हणतात. वॉर्डात सर रोग्याच्या छातीवर स्टेथोस्कोप टेकवत, डोळे मिटून ऐकत आणि म्हणत, "सुरेख!" मग विद्यार्थी ओळीने ऐकत. सरांनी "आली ऐकू?" असं विचारलं की सगळ्या माना हलत. ज्यांना काहीच ऐकू आलेलं नसे, त्यांच्या जरा जोरात. वहिनी तेवढी म्हणे, "नाही आली, सर." आणि दुर्दैव असं की मर्मर खरोखरच असे. प्रामाणिकपणाला गुण द्यायची सोय अभ्यासक्रमात नव्हती.

"वहिनी, मान हलवा आणि पास व्हा," वर्गातला एक वादपटू तिला समजावी. त्याला सगळे वकील म्हणत.

"आणि ऐकू नाही आली तर?"

"आम्हाला तरी कुठे येते!"

वहिनीला मान हलवता येईना, म्हणून तिने कान तयार करायला घेतला. घरात सासरे होते, छाती होती, वेळ होता. संध्याकाळी ते शर्टाची बटणं सोडून खुर्चीत बसत.

"ये सूनबाई, लाव तुझा रेडिओ. आज काय लागलंय?"

"तेच बाबा. लब-डब, लब-डब."

"म्हणजे स्टेशन काही बदललं नाही."

सासऱ्यांनंतर नवरा, मग मुलगी, मग शेजारचा शिंपी. निरोगी ठोका तिला पाठ झाला. दुपारी वॉर्डात ती आजारी ठोके ऐकत बसे. एक दिवस एका बाईच्या छातीत मर्मर स्वच्छ ऐकू आली, तेव्हा ती इतकी हरखली की त्या बाईला वाटलं आपण बऱ्या झालो.

परीक्षेच्या सकाळी तिच्या वाट्याला सात नंबरची खाट आली. वकील तिथूनच तपासणी आटोपून बाहेर पडत होता. जाता जाता पुटपुटला, "झडप. मर्मर काखेपर्यंत जाते. सात नंबर म्हणजे झडप, अख्ख्या हॉस्टेलला ठाऊक आहे."

खाटेवर एक ट्रक ड्रायव्हर पडला होता.

"काय त्रास होतो, दादा?"

"पोट. जेवलं की उजवीकडे कळ येते."

"दम लागतो?"

"लागत नव्हता. सकाळपासून तिघांनी विचारलं, तेव्हापासून लागायला लागलाय."

तिने स्टेथोस्कोप टेकवला. लब-डब. त्याला डाव्या कुशीवर वळवलं, श्वास सोडून थांबायला लावलं. लब-डब. सासऱ्यांचंच स्टेशन. वॉर्ड सांगत होता मर्मर आहे, हॉस्टेल सांगत होतं आहे, आणि नाही म्हणणारा एकच साक्षीदार होता: तीनदा खोटा ठरलेला तिचा कान. तिने पोट तपासलं. उजव्या बरगडीखाली बोटाने दाबताच ड्रायव्हर कळवळला.

परीक्षक आले. एक तिचे सर, दुसरे बाहेरच्या महाविद्यालयातून आलेले पाहुणे.

"मर्मर कशी आहे?" सरांनी विचारलं. आहे का, हा प्रश्नच नव्हता.

वहिनीची मान किंचित पुढे झुकली. एकदा खाली, एकदा वर, एवढंच काम होतं. तेवढ्यावर अडकलेली पदवी सुटत होती.

"नाही, सर."

"परत?" सर म्हणाले. "परत ऐकू आली नाही?"

"ऐकू आली नाही असं नाही, सर. मर्मर नाहीच."

सरांनी पाहुण्यांकडे पाहिलं. घरच्या पोराने पाहुण्यांसमोर ताट उलटवल्यावर बघतात तसं. पाहुण्यांनी स्वतःचा स्टेथोस्कोप लावला, डोळे मिटले. बराच वेळ गेला. ड्रायव्हरने घाबरून श्वासच रोखून धरला, तेव्हा त्याला तो घ्यायची आठवण करून द्यावी लागली. पाहुणे सरळ झाले.

"मग यांना झालंय काय?" त्यांनी वहिनीला विचारलं. मर्मरीबद्दल चकार शब्द नाही.

"पित्ताशय, सर. खडे असावेत."

"आहेतच की," ड्रायव्हर म्हणाला. "हृदयवाले आजोबा तिकडे खिडकीशी. काल इथे छत गळायला लागलं, म्हणून त्यांना तिकडे नेलं. कोरडं झाल्यावर मला इथे टाकलं."

खिडकीजवळच्या आजोबांनी हजेरी दिल्यासारखा हात वर केला. खाटेचा नंबर भिंतीवर रंगवलेला होता. भिंत जागची हलली नव्हती.

सरांनी चष्मा पुसला. "पुढच्या विद्यार्थ्याला खिडकीपाशी न्या," एवढंच म्हणाले.

संध्याकाळी निकाल लागला. वहिनी काठावर पास झाली. आधीचे तिघंही पास झाले, वकील तर उत्तम गुणांनी. त्यांना नापास करायचं तर सात नंबरच्या खाटेवर काय घडलं हे लिहून द्यावं लागलं असतं.

ती घरी आली तेव्हा सासरे बटणं सोडत खुर्चीत बसले होते. ती समोर टेकली. पिशवीतून स्टेथोस्कोप काढला नाही.

"आज नको, बाबा."

सासऱ्यांचा हात बटणावरच थांबला. "गेली का गं हीपण?"

"नाही. पास झाले."

मग त्यांनी खालचं बटणही सोडलं.

"मग आता तर लावच. इतके दिवस शिकाऊ सांगत होती म्हणून मी काही पुढे विचारलं नाही. डॉक्टरला सांगू दे, कसं चाललंय ते."